परे

वरचे दात गेले, कवळी आली. तेव्हापासून कॉर्नेटचा माउथपीस ओठावर टेकतो, पण बसत नाही. वरातीची गाणी अजून निघतात. अडतो तो यमनातला परे.

भास्करबुवा बखल्यांची 'स्वयंवर'मधली यमनातली चाल आमचा बँड लग्नाच्या पंगतीला वाजवायचा. नाटक १९१६ सालचं, पण मालवणातल्या जुन्या माणसांना पद तोंडपाठ. पंचमावरून रिषभावर उतरायचं, मधे पायरी ऐकू येता कामा नये. षड्ज मोकळ्या नळीवर धरला की पंचमही मोकळा, आणि रिषभ पहिल्या-तिसऱ्या पिस्टनवर. ही जोडी मुळातच चढी. तिसऱ्याची स्लाइड ओढून ती उतरवतात. माझं वाद्य मेरठच्या जली कोठीतलं. खाऱ्या हवेनं त्याची स्लाइड हिरवी पडून कधीच जाम झाली. म्हणजे सगळा भार ओठावर. पिस्टन अर्धे दाबले की हवा कोंडते, आवाज घोगरा होतो. त्या घोगरेपणातूनच सरकायचं आणि पिस्टन तळाला टेकताना ओठ किंचित सैल सोडायचा. जास्त सुटला की रिषभ पडला, कमी सुटला की चढा. आणि नेमकी तेव्हाच कवळी हलते.

आमचे बँडमास्तर गोव्यातल्या चर्चच्या शाळेत शिकलेले. घसरणं म्हणजे त्यांच्या लेखी गलथानपणा. मी ते त्यांच्या पाठीमागे शिकलो, क्लॅरिनेटवाल्याच्या मत्सरापोटी. त्याचं बरं, भोकावरून बोट हळूच सरकवलं की मींड मिळाली! पानावर बसलेली माणसं हातातला घास थांबवून त्याच्याकडे बघायची. त्यांनी माझ्याकडे बघावं एवढ्यासाठी मी हा परे घासला. सत्काराच्या वेळी कलेची सेवा वगैरे बोललो, ते भाषण होतं.

आता वरातीपुढे बँजो. बुलबुलतरंगाला पिकअप लावून भोंग्यातून सोडलेला, जोडीला ऑक्टोपॅड. पोरांचे हात तयार आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यांना श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून त्यांचं गाणं कुठे टेकतच नाही. तरी बँड बुडाला तो एकट्या बँजोमुळे नव्हे. शेवटी शेवटी आमच्यातलेही निम्मे गणवेश चढवून नुसती वाद्यं धरून चालायचे. लोकांना काय, डोळे असतात.

वाडीतला एक पोरगा शिकायला येतो. त्याच्या नव्या कॉर्नेटच्या स्लाइडला कडी आहे. तीत बोट घालून ओढतो आणि रिषभ नेमका लावतो. मोबाईलवरचा काटा मधोमध.

"काकानू, बरोबर मा?"

सूर बरोबरच असतो. पण वाटेत पायऱ्या खडखडतात.

"मधी खंय थांबतंस?"

"मी नाय थांबत, पिस्टन थांबता."

त्याला अर्धा पिस्टन शिकवायला हवा. पण ही गोष्ट तोंडी सांगून कळत नाही, वाजवून दाखवावी लागते, आणि माझा स्वर आता त्याच्यादेखत फाटेल. म्हणून सांगितलं, यंदा सूर पक्का कर, मींड पुढल्या वर्षी. तो मुकाट ऐकतो. पुढल्या वर्षापर्यंत हा परे ठाऊक असलेला आमच्या वाडीतला कॉर्नेटवाला मी एकटाच, आणि खरं सांगायचं तर घाई मलाही नाही.