साधी सायकल



तुमच्या ओसरीला, गोठ्याच्या भिंतीला किंवा धानाच्या कोठीमागे एखादी साधी सायकल टेकून ठेवलेली आहे का? काळा रंग, २८ इंची चाके, दांड्याचे ब्रेक, मागे रुंद कॅरिअर. पुढे एक दातेरी चक्र, मागे एक फ्रीव्हील आणि दोघांना जोडणारी एक चेन. आमच्या गोंदिया जिल्ह्यात हिला पूर्वी नुसती सायकल म्हणत. गियरवाली आली तेव्हा हिच्यामागे ‘साधी’ हा शब्द लागला. तशी सायकल तुमच्या घरी असेल तर हे चार शब्द तुमच्यासाठी. नसेल तरी वाचा, कारण बोलणे सायकलीचे असले तरी विषय आपल्या घरचाच आहे.

माझे वय ६६. प्राथमिक शाळेत गुरुजी होतो, आता गोंदिया तालुक्यातल्या आमच्या गावी राहतो. गळ्यात माळ आहे, अडीच एकर धान आहे आणि दर एकादशीला ११ किलोमीटरवरच्या एका गावी भजनाला जातो. तिथे टाळकरी पाच-सहाच उरले आहेत. एक जरी कमी झाला तर चाल पडते. म्हणून जावेच लागते, आणि जातो ते साध्या सायकलीने. लोक विचारतात, “गुरुजी, या वयात ही जड सायकल कशाला?” प्रश्न प्रेमाचा असतो. त्याचे उत्तर रस्त्यात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे देतो आहे.

आधी हिशेब सांगतो, मास्तरकीची सवय आहे. माझ्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. चढ असो, उतार असो, समोरून वारा असो, हा आकडा बदलत नाही. बदलायचे ते आपण. चढावर जोर लावायचा, सपाटीवर बेताने चालवायचे, उतारावर पाय थांबवून फ्रीव्हीलची टिकटिक ऐकायची.

आता ११ किलोमीटरला साडेपाच मीटरने भागा. साधारण दोन हजार फेरे येतात. फेऱ्यागणिक एकदा नाम घेतले तर अठरा माळा होऊन वर थोडे उरते. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा मलाच हसू आले. आपण म्हणतो, नामाला वेळ मिळत नाही. वेळ तर पायाखालीच होता. उतारावर काही फेरे गळतात हे खरे, पण तेवढी सूट पांडुरंग देईल.

माझा मुलगा पुण्याला नोकरीत आहे. माझा उजवा गुडघा दुखू लागला हे कळल्यावर त्याने २१ गियरची सायकल पाठवली. मी ती एक पावसाळा आणि एक हिवाळा मनापासून चालवली. खरे तेच सांगतो, माउली, सायकल चांगली होती. वजनाला हलकी, आणि तलावाच्या पाळीवरचा चढ तिच्यावर लोण्यासारखा जायचा. पण माझे मन तिच्यावर बसेना. रस्ता जरा उचलला की वाटे, खालचा गियर घ्यावा. सपाटी आली की वाटे, आता वरचा घ्यावा. घेतला की वाटे, एक जास्तच झाला. अंगठा सारखा त्या खटक्यावर. नाम सुरू करावे आणि तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला गियरचा विचार मध्ये यावा. एक तरुण मित्र म्हणाला, “काका, सवय झाली की हात आपोआप चालतो, कळतसुद्धा नाही.” त्याचे खरे असणार, हजारो लोक तशा सायकली आनंदाने चालवतात. माझ्या मनाला ती सवय लागली नाही, एवढेच.

शिवाय आमच्याकडचा चिखल. धानाच्या भागातली कन्हार जमीन पावसाळ्यात चाकाला अशी धरते की उतरून काडीने माती काढावी लागते. मागच्या बाजूला गियर बदलणारा जो नाजूक भाग असतो, त्यात ती माती भरली आणि एकदा तो वाकला. सुटा भाग गोंदियाहून आणावा लागला. साध्या सायकलीचे सगळे आमच्या गावच्या मिस्त्रीकडे होते. तो निंबाच्या झाडाखाली बसतो. छर्रे बदलतो, चाकाचा आउट काढतो, कॉटर पिन ठोकतो, आणि काम चालू असताना गावाची खबरही सांगतो. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते आणि गावातच दुरुस्त होते, हे या सायकलीचे मोठे सुख.

शेवटी ती गियरची सायकल मी शेजारच्या एका मुलाला दिली. त्याची मामी सालेकसा-दरेकसाकडच्या डोंगराळ भागात राहते. तो तिथे राहून कॉलेजला जातो. तिथे तिचे चीज झाले. मुलालाही तसे कळवले, आणि तो रागावला नाही.

तुम्हाला वाटेल, हा म्हाताऱ्याचा जुनाटपणा. पण एका गतीच्या सायकलीची ओढ जगात इतरांनाही आहे. फ्रान्समध्ये १९०३ साली ‘टूर द फ्रान्स’ ही मोठी सायकल शर्यत सुरू झाली. चालता चालता चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे यंत्र तिथे १९३७ सालापर्यंत वापरू देत नव्हते. आल्प्ससारखे पर्वत असूनही. जपानमध्ये १९४८ पासून ‘केरिन’ नावाची शर्यत चालते; तिच्यात आजही एकच गती असलेली, ब्रेक नसलेली सायकल लागते. त्यांचे कारण चढाओढीचे आहे. यंत्र कोणाचे चांगले हे बघायचे नाही, पाय कोणाचा चांगला हे बघायचे. आपल्याला कोणाला हरवायचे नाही. आपले कारण निराळे.

आपल्या संप्रदायात साधने फार सांगितलेली नाहीत. माळ, एकादशी, नाम आणि वारी. शेतकऱ्याला, कुंभाराला, सोनाराला, शिंप्याला आपापले काम करत झेपेल एवढेच. जो तो उद्या कोणते साधन करू, परवा कोणते करू, असे ठरवत बसला असता तर त्याचे मडके कच्चे राहिले असते आणि भजनही. संतांनी निवडीचा तो भारच उतरवून ठेवला. साधन बदलू नका, त्यात आपला जीव घाला. साध्या सायकलीवर बसलो की हे मला पायांनी कळते. चढ आला म्हणून दाते बदलत नाहीत. जोर वाढवावा लागतो, नाहीतर उतरावे लागते.

आणि उतरण्याचेच मला मुख्य सांगायचे आहे. गुडघ्याची तक्रार घेऊन गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, चढावर जोर लावू नका, चालायला हरकत नाही. तेव्हापासून तलावाच्या पाळीशी आलो की मी उतरतो आणि सायकल हाताने ढकलत वर जातो. मोटारसायकलवरचे पोरगे थांबते, “गुरुजी, सोडून देऊ का?” मी हात जोडतो. त्याला वाटते, गुरुजी थकले. थकलो आहेच. पण वारकऱ्याला चालण्याची लाज कसली? आपली सगळी परंपराच चालणाऱ्यांची आहे.

या चढावर माझी मंडळी आधी उतरायची. तीस वर्षे ती माझ्यामागे कॅरिअरवर बसून भजनाला आली, मांडीवर टाळांची पिशवी धरून. पाळ जवळ आली की मी काही म्हणायच्या आत ती खाली उतरे आणि मागून कॅरिअरला हात लावी. मी म्हणे, “अगं, मी नेतो.” ती म्हणे, “तुम्ही चाला, मी आहे.” तिला जाऊन चार वर्षे झाली. टाळांची पिशवी आता कॅरिअरला बांधलेली असते. सायकल हलकी झाली आहे, चढ मात्र जड झाला आहे. गियरने तो चढ सोपा झाला होता, हे मी सांगितलेच. पण त्या पाळीवर मला उतरावेसे वाटते. तेवढी शंभर पावले आम्ही दोघे चालतो, असे म्हटले तर तुम्ही हसणार नाही, माउली.

मग मदत घ्यायचीच नाही का? तसे मुळीच नाही. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. तिथे ज्ञानोबा माउलींच्या रथालाही जादा बैलजोड्या जोडतात. मीही ते पाहिले आहे. आता विचार करा, जादा बैलजोडी म्हणजे दुसरे काय? गियरच की! माउलींच्या रथाला घाटात मदत चालते, तर तुमच्या-आमच्या गुडघ्याला का चालू नये? नाशिकहून दरवर्षी सायकलींची वारी पंढरपूरला जाते. त्यात गियरच्या सायकली पुष्कळ असतात. पांडुरंग कोणाचे दाते मोजत नाही.

म्हणून साधेपणाचा अभिमान धरू नये. ‘मी साधा’ म्हणणारा अहंकार फार सूक्ष्म असतो. बुक्क्यासारखा कपाळाला लागतो आणि आपला आपल्याला दिसत नाही. आमच्या रस्त्यावर साध्या सायकली पुष्कळ दिसतात. कोणी धानाचे पोते भरडायला मिलवर नेतो, कोणी उन्हाळ्यात तेंदूपानांचे ओझे बांधून आणतो. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर आठवी-नववीच्या मुली शाळेत जातात. तीन-चार किलोमीटरची वाट त्यांच्यासाठी तेवढ्यावर आली. यांनी साधेपणाचे व्रत घेतलेले नाही. परवडते ते आणि मिळाले ते. त्यांच्यापुढे साधेपणाचे प्रवचन करण्याचा अधिकार मला नाही. उलट रोज न कुरकुरता पायडल मारणाऱ्या त्या मुलींकडून मीच काही घ्यावे.

आमच्या भागातल्या वारकऱ्याची एक अडचण तुम्हाला ठाऊक नसेल. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे आणि जुलैमध्ये रोवणी. नेमक्या त्याच दिवसांत माउलींची पालखी वाटेवर असते. काही भाग्यवान गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस धरून पुण्याला उतरतात आणि वारीत मिळतात. बाकीच्यांचे पाय बांधीच्या चिखलात. रोवणी चुकली तर वर्ष गेले. अशा वेळी मला सावता महाराज आठवतात. अरणच्या मळ्यात ते राबत राहिले आणि देवच त्यांच्या भेटीला आला, असे परंपरा सांगते. आषाढीच्या दिवशी आमच्याकडे माणसे रोवणीवरून परततात, तलावावर पाय धुतात आणि सायकलीवर बसून भजनाला येतात. कोणाच्या पोटरीला चिखल तसाच असतो. ती काही किलोमीटरची वाट हीच त्यांची वारी.

त्या वाटेवर सायकल आवाज करत नाही. म्हणून पाखरे उडत नाहीत. एखाद्या संध्याकाळी बांधीत सारसाची जोडी उभी दिसते. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आमच्या जिल्ह्यातच उरले आहेत. मोटारसायकलवरून जाणाऱ्याला ते दिसतात न दिसतात. मला दिसतात, कारण मला त्यांच्यापेक्षा घाई नसते.

एक दिवस असा येईल की ही सायकलही मला चालवता येणार नाही. तो विचार पूर्वी टोचायचा. आता तयारी केली आहे. त्या दिवशी मोटारसायकलवरच्या त्याच पोराला म्हणेन, “थांब रे, येतो,” आणि टाळांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसेन. मागे बसून भजनाला कसे जायचे, ते मी तीस वर्षे जवळून पाहिले आहे. तोवर दोन हजार फेरे आणि शंभर पावले चालू ठेवायची.

तुमची साधी सायकल धूळ खात असेल तर या दशमीला बाहेर काढा. फडक्याने चेन पुसा, दोन थेंब तेल सोडा, हवा भरा, ब्रेकचे रबर बघा. दूर जाऊ नका. जवळच्या गावात जिथे भजन होते आणि माणसे कमी पडतात, तिथे जा. बसताना नाम सुरू करा आणि चढ आला तर खुशाल उतरा. आमच्या गावाकडे आलात तर टाळांची एक जोडी जास्तीची आहे, ती तुमचीच समजा.

रामकृष्णहरि!