तुऱ्याची वाट

उसाला तुरा आला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. वाढ थांबते, कांड्यांत दशी पडते, पांगशा फुटतात आणि साखर उतरायला लागते. आम्ही पैदासकार मात्र त्याच रुपेरी-जांभळट तुऱ्यासाठी वर्षभर जीव टाकतो. लागण टिपऱ्यांची, त्यामुळे उसाचं फूल कुणाच्या हिशेबात नसतं. पण टिपरीतून येतो तो जुनाच ऊस. नवा ऊस हवा तर बी हवं, आणि बी तुऱ्यातच धरतं.

ऊस रात्र मोजतो. पावसाळा सरता सरता दिवस साडेबारा तासांच्या आसपास येतो आणि रोज थोडा थोडा आखडू लागतो, तेव्हा शेंड्यातला कोंब पानं काढायचं सोडून तुऱ्याच्या तयारीला लागतो. त्या दिवसांत दुपार फार तापली, रात्र १८ अंशांखाली गेली किंवा पाण्याचा ताण बसला, तर कोंब पुन्हा पानांकडे वळतो. आपल्या देशावर तुरे दिसतात, पण ते बाहेर पडेपर्यंत थंडी आलेली असते आणि परागकण बहुतेक वांझ निघतात. म्हणून महाराष्ट्रातले पैदासकारही संकरासाठी कोइमतूरची वाट धरतात. तिथल्या ऊस पैदास केंद्राचं काम १९१२ पासून चालू आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने संकराचं केंद्र आंबोलीला उभारलं तेही तिथल्या दमट, सौम्य हवेमुळे.

हवा अनुकूल असली तरी काही वाण फुलतच नाहीत. त्यांच्यासाठी अंधारखोली लागते. कुंड्यांतला ऊस रुळावरच्या ट्रॉलीवर उभा करायचा, संध्याकाळी आत ढकलायचा, सकाळी बाहेर काढायचा. दिव्यांच्या वेळा लावून दिवस रोज अर्धा ते एक मिनिट आखूड करत न्यायचा. नत्र आधीच थांबवायचं. अंधार सलग हवा. मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला तरी रोपाच्या लेखी एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात, आणि तुरा लांबतो किंवा येतच नाही. दाराची फट, पहारेकऱ्याची विजेरी, सगळ्यावर लक्ष ठेवावं लागतं. गहू-हरभऱ्यात आता २२ तास उजेड देऊन वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत मजल गेली आहे. ते काम मी कौतुकाने वाचतो, पण उसात आमचा भरवसा काळोखावर आहे.

मध्यरात्रीच्या त्याच उजेडाचा उपयोगही होतो. नदीकाठच्या रानटी जाती लवकर फुलतात, लागवडीचे गोड वाण मागून. दोघांची गाठ पडावी म्हणून रानटीला दिव्याने थोपवायचं आणि गोडाला अंधाराने पुढे ओढायचं. कोइमतूरच्या केंद्रातल्या बार्बर आणि वेंकटरामन यांनी अशाच दोन कुळांचा संकर करून १९१८ साली को २०५ हा वाण दिला. आजच्या आपल्या वाणांत ते रानटी रक्त आहेच.

तुरे उमलले की कामाची वेळ पहाटेची. परागकण आयोडीनमध्ये टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बहुतेक काळेनिळे झाले तर तो नर, रंग फारसा धरला नाही तर ती मादी. मग नराचा तुरा मादीच्या वर बांधायचा आणि दोन्हींवर कापडी कंदील चढवायचा. काही आठवड्यांनी हाती येतो तो फ्लफ, कापसासारखा, फुंकरीने उडणारा. त्यातलं बी डोळ्यांना जेमतेम दिसतं.

अंधारखोलीने पैदास वेगवान होते हे खरं. जोडीदार एका हंगामात फुलला नाही तर अख्खं वर्ष जातं, ते वाचतं. पण संकरापासून वाण शेतात जाईपर्यंत दहा-बारा वर्षं लागतात. लागण, खोडवा, ठिकठिकाणच्या चाचण्या यांना दिव्यांनी घाई करता येत नाही. माझ्या मते या कामाचं मोल दुसरीकडे आहे. सहज फुलणारे वाणच पुन्हा पुन्हा आईबाप होत राहिले, तर आपण नकळत तुरेबाज ऊसच निवडत जातो, म्हणजे शेतकऱ्याला नको तेच. जो वाण क्षारपड रानात तग धरतो आणि फुलायला लाजतो, त्याचे गुण त्याच्यापाशीच राहतात. त्याला फुलवणं म्हणजे त्याला वंश देणं. अंधारखोलीत जागा कमी असते, तेव्हा ती आधी अशा लाजऱ्यांना मिळावी, असा माझा आग्रह असतो. लवकर निकाल दाखवायचा असेल तर हा आग्रह महागात पडतो. त्यांचे तुरे थोडे, बी त्याहून थोडं.

रोपं शेतात गेली की छाटणी निष्ठुरपणे करतो. चांगलं गोड निघालेलं रोपही लवकर तुऱ्यावर आलं, तर वाणाच्या यादीतून बाद. त्याच्या टिपऱ्या मात्र क्रॉसिंगच्या वाफ्यात लावून घेतो, कारण लाजऱ्या बापाचे गुण घेऊन सहज फुलणारी आई तिथे फार उपयोगाची.