गुण कशाचा आला?

क्रॉनिक फटिग सिंड्रोम असलेल्या माणसाच्या उशाशी डब्यांची रांग लागलेली असते. मॅग्नेशियम, कार्निटिन, कोएन्झाइम क्यू-१०. कुणाला तरी गुण आला म्हणून प्रत्येक डबी घरात आलेली. या आजारावर हमखास औषध अजून नाही. रिपोर्ट नॉर्मल येतात, घरचे ‘जरा मन रमव’ म्हणतात आणि दात घासले तरी हातपाय गळून जातात. अशा माणसाला भोळा म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

अडचण आजाराच्या चालीत आहे. हा थकवा कधी अंथरुणातून उठू देत नाही, कधी आपसूक ओसरतो. नवी डबी उघडली जाते ती बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत. मग उतार पडला की श्रेय डबीला.

१९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक ब्रिटिश चाचणी छापून आली. ३२ रुग्णांना सहा आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन दिलं होतं. मॅग्नेशियम मिळालेल्या १५ पैकी १२ जणांना बरं वाटलं; नुसतं पाणी टोचलेल्या १७ पैकी तिघांनाही वाटलं. त्या तिघांचा आराम खोटा नव्हता, फक्त तो मॅग्नेशियमचा नव्हता. घरी एकट्यानं गोळी घेणारा स्वतःला कुणात धरणार, बारांत की तिघांत?

यावर एक वाट आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गायट आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एकाच रुग्णावरची चाचणी मांडली. दम्याच्या एका ६६ वर्षांच्या गृहस्थांना थिओफिलीननं आराम पडतो, अशी खात्री होती. खरी गोळी आणि हुबेहूब तशीच बिनऔषधाची गोळी आळीपाळीनं दिली, कोणती कधी हे त्यांना कळू न देता. थिओफिलीन बंद असतानाच त्यांना जास्त बरं वाटत होतं!

घरीही हे जमू शकतं. बहीण किंवा नवरा कॅप्सूल भरतो, क्रम स्वतःजवळ ठेवतो. पण क्यू-१० ची भुकटी नारिंगी असते, पारदर्शक कॅप्सूलमधून लगेच चुगली करते. बी-कॉम्प्लेक्सचं सोंग तर वठतच नाही. त्यातल्या रायबोफ्लेविननं लघवी गर्द पिवळी होते.

बी-१२ ची गोष्ट वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिक यांच्या गटाला २००६ च्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ते कमी आढळलं होतं. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासावं. कमतरताच असेल तर प्रयोग कशाला, उपचारच हवा.

सगळ्यात घातक असतो तो बरं वाटलेला दिवस. माणूस तुंबलेली कामं काढतो, माळा आवरतो, आणि या आजारात श्रमांचा फटका बहुधा १२ ते ४८ तासांनी बसतो. मग एखादी कामाची गोळीही बदनाम होते. म्हणून वहीत गोळीइतकीच दिवसभराच्या हालचालीची नोंद हवी, प्रत्येक टप्पा काही आठवड्यांचा हवा, आणि तेवढे दिवस माळा तसाच राहू द्यावा, अंगात कितीही उत्साह आला तरी.