पाच फेऱ्यांचा पाऊस

परवा पुतण्याने विचारलं, "काका, तू पोकेमॉन का सोडलंस?" हरायला लागलो म्हणून, असं पोराला कसं सांगणार?

आमच्या वेळी, म्हणजे २०१०च्या 'ब्लॅक-व्हाइट'च्या काळात, पावसाचं राज्य होतं. पोलिटोएड नुसता मैदानात उतरला की पाऊस सुरू, आणि पाण्याचे वार दीडपट! समोरच्याने नाइनटेल्स आणून ऊन पाडेपर्यंत थांबायचा नाही. (मग आपण परत पोलिटोएड. घरातल्या पंख्याच्या बटणावरून चालतं तसंच.) धाकट्या भावाबरोबर रात्र रात्र जागून ती टीम बांधली होती.

२०१३ला 'एक्स-वाय' आला आणि तोच पाऊस पाच फेऱ्यांत आटपायला लागला. खास दगड जवळ असेल तर आठ. भावाने आठवड्यात नवी टीम केली. मी पोलिटोएड सोडेना. "दादा, तू खेळत नाहीयेस, हट्ट करतोयस," तो म्हणाला. त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या से जून पार्कने पाचिरिसू घेऊन जागतिक स्पर्धा जिंकली. त्या खारीला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं! मी लगेच भावाला कळवलं. त्याचं उत्तर: "त्याने हिशोब केला होता. गायराडॉसवर येणारे विजेचे वार ती ओढून घेऊन पचवते." त्यानंतर आम्ही एकत्र टीम केली नाही.

असो. पुतण्याने आपली टीम दाखवली. पहिलाच पेलिपर. २०१६पासून त्यालाही पाऊस पाडता येतो.

"कोणी शिकवलं रे?"

"बाबांनी. म्हणाले, काकाला दाखव."