परतीचे तिकीट

स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे ख्रिस्ती यात्रेकरू शतकानुशतके पायी जात आले आहेत. आम्ही उभयतांनी सारियापासूनची सुमारे ११५ किलोमीटरची वाट चालायचे ठरविले आणि माद्रिदच्या रेल्वेचे स्वस्त, न बदलता येणारे तिकीट आधीच काढून ठेवले. तिसऱ्या दिवशी आर्सुआ गावी सौभाग्यवतींचा गुडघा सुजला. गाडी गाठायची तर उरलेला मार्ग बसने! माझे व्यापारी मन हिशेब मांडू लागले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘आपले साधू-साध्वी विहाराला निघताना परतीचे तिकीट काढतात का?’’ तिकीट सोडून दिले. दोन दिवस विश्रांती घेऊन पायीच पोहोचलो. मग स्थानकावर पासपोर्ट दाखवून महागडे नवे तिकीट घेतले. या व्यवहारात तोटा झाला, असे मात्र अजून वाटलेले नाही.