हर्व्हेची कात्री

भेटेल त्याला मी सध्या हे एकच सांगत सुटलेय, तेव्हा आता लिहूनच टाकते: फोटो वाचता येतो! ओळीओळीने, अगदी स्वल्पविरामासकट!

याला कारण ल्युसियाँ हर्व्हे. मूळचा हंगेरियन, राहणारा पॅरिसचा. १९४९ साली वास्तुविशारद ल कॉर्बुझिएच्या मार्सेयमधल्या इमारतीचे त्यानं एका दिवसात ६५० फोटो काढले, ते ल कॉर्बुझिएला पाठवले आणि थेट त्याचा फोटोग्राफरच होऊन बसला. ल कॉर्बुझिएच्याच इमारतींचे फोटो काढायला १९५५ मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये तो चंडीगडलाही आला. ते फोटो मी पुस्तकात पाहिले होते. काँक्रीटची उंचच उंच भिंत, तिच्यावर तिरपी काळीकुट्ट सावली आणि कोपऱ्यात इवलासा माणूस. काय तो दरारा!

मग चंडीगडला गेले. कॅपिटॉल कॉम्प्लेक्समध्ये ओळखपत्र दाखवून, गाईडबरोबरच जावं लागतं. हायकोर्टासमोर आले आणि थबकलेच. ते तीन अगडबंब खांब चक्क हिरवा, पिवळा, लाल! कृष्णधवल फोटोंनी याची दाद लागू दिली नव्हती.

मोबाइल काढला. उकिडवं बसून वर रोखला, तर इमारत अंगावर आली. उभी राहून चार पावलं मागे गेले, तर गाड्या, वकिलांचे काळे कोट, कुणाची तरी पाण्याची बाटली फ्रेममध्ये शिरली आणि त्याच इमारतीची सरकारी कचेरी झाली. विधानभवनापासून लांब जाऊन झूम केलं, तर मागचे शिवालिकचे डोंगर त्याला येऊन टेकले. जवळ जाऊन झूम न करता काढला, तर डोंगर दूर पळाले. गाईड माझ्याकडे काळजीनं बघत होता, पण मला थांबवेना.

लो अँगल म्हणजे सत्ता, हे कुणी शिकवलं आपल्याला? कुणीच नाही! हिरोच्या एंट्रीपासून नेत्यांच्या फ्लेक्सपर्यंत तेच बघत वाढलो, म्हणून बिनचूक वाचतो. हर्व्हे तर प्रिंटवर सरळ कात्री चालवायचा. नको ते कापलं की उरलेली सावली बोलायला लागते. ही फसवणूक का? मला नाही वाटत. त्याच्या सावल्या मला आजही प्रिय आहेत. फक्त पुस्तकात शेजारी एक गाड्यांवाला फोटोही हवा होता.

रात्री हॉटेलात मराठी बातम्या लावल्या, आवाज मुद्दाम बंद करून. लाल पट्टी, धावते बाण, गर्दीतल्या एका माणसाच्या डोक्याभोवती लाल गोल, त्याचाच चेहरा पुन्हा पुन्हा, स्लो मोशनमध्ये. आरोपी हाच, मी मनाशी ठरवूनही टाकलं. आवाज लावला, तर तो तक्रारदार निघाला! रात्री साडेअकराला बहिणीला फोन करून उठवलं आणि म्हटलं, आधी टीव्ही लाव, आवाज बंद कर, मग बोलू.