झडीबलचा सांताक्लॉज

काश्मीरची टूर म्हटलं की आपला कार्यक्रम ठरलेला. शिकारा, गुलमर्गचा गोंडोला, फिरन घालून फोटो आणि शेवटच्या दिवशी धावतपळत शॉपिंग. अक्रोड, केशर, आईला शाल आणि ऑफिसातल्या मंडळींसाठी त्या चकचकीत रंगीत डब्या, डझनाच्या भावात! या डब्या बनतात कुठे, हे विचारायला कुणाला वेळ असतो? मी मात्र एक अख्खा दिवस टूरमधून पळवला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, झडीबल.

झडीबल म्हणजे श्रीनगरच्या जुन्या शहराचा उत्तरेकडचा भाग. इथे ना तलाव, ना ट्युलिप. आहेत त्या अरुंद गल्ल्या, दाटीवाटीची घरं आणि अधूनमधून डोकावणारा हरी पर्वतावरचा किल्ला. इथल्या शिया मुस्लिम कुटुंबांत पेपरमाशेचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एका घरात चपला काढून वर गेले, तर खिडकीशी बसलेले उस्ताद एका प्लेटवर सांताक्लॉज रंगवत होते. महिना जुलै, मला घाम फुटलेला आणि प्लेटवर धो धो बर्फ!

कारण साधं आहे. परदेशातल्या नाताळच्या ऑर्डरी उन्हाळ्यातच हातावेगळ्या कराव्या लागतात. डिसेंबर उजाडेपर्यंत माल तिकडच्या दुकानात पोचायला हवा. शिवाय २१ डिसेंबरला इथे ‘चिल्लई कलां’ सुरू होतं, म्हणजे चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी. तेव्हा वाळवणाला ऊन कुठून आणणार?

एका प्लेटला दोन कारागीर लागतात. सख्तसाज आकार घडवतो, नक्काश रंगवतो. रद्दी कागद भिजवायचा, दगडी उखळात कुटायचा, तांदळाची खळ मिसळून साच्यावर थापायचा. वाळला की घासून गुळगुळीत करायचा आणि वर रंगाचा हात द्यायचा. मग नक्काशाची पाळी. पूर्वी रंग दगडांपासून आणि वनस्पतींपासून बनवत. आता समोर अ‍ॅक्रिलिकच्या बाटल्या. पेन्सिलचं रेखाटन नाही, पट्टी नाही, थेट ब्रश! सांताची दाढी दहाएक फटकाऱ्यांत तयार. शेवटी वॉर्निश.

खरी गंमत प्लेटच्या कडेला होती. सांताभोवती चिनारची पानं आणि ‘गुल अंदर गुल’, म्हणजे फुलात फूल, अशी दाट नक्षी. मी बोट दाखवलं तर उस्ताद हसले. म्हणाले, “सांता उनका है बेटा, किनारा हमारा.”

परक्यांच्या आवडीचं रंगवणं इथे नवं नाही. मुळात ही कला कलमदानांची. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच व्यापारी काश्मिरी शाली या डब्यांत घालून न्यायचे. तिकडे शालीइतकाच डबाही लोकांना आवडू लागला. ‘पेपरमाशे’ हे फ्रेंच नाव तेव्हापासून चिकटलं.

पण गिऱ्हाईक लांबचं असलं की त्याचा धागाही नाजूक असतो. सप्टेंबर २०१४च्या पुरात श्रीनगर बुडालं. ऑगस्ट २०१९मध्ये इंटरनेट बंद झालं, मग ई-मेलवरच्या ऑर्डरी कशा येणार? ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. मधल्या काळात, २०२१मध्ये, युनेस्कोनं श्रीनगरला हस्तकलांचं ‘क्रिएटिव्ह सिटी’ म्हणून मान दिला. उस्तादांची मजुरी मात्र आजही नगावर. दोन्ही मुलं दुसऱ्या कामाला लागलीत. ब्रश धरणारं घरात आता कुणी नाही.

मी मोबाइलवर आकाशकंदिलाचा फोटो काढून दाखवला. असं काही जमेल? त्यांनी फोटो मोठा करून नीट पाहिला. “ये क्या त्योहार है?” दिवाळी, आमच्याकडे घराघरावर टांगतात, मी सांगितलं. अर्ध्या तासात निळ्या प्लेटवर षटकोनी कंदील उभा राहिला. झिरमिळ्यांच्या टोकांना चिनारची पानं! कडेला अर्थात गुल अंदर गुल.

जाणार असाल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. नुसत्या लाकडावर किंवा पुठ्ठ्यावर रंगवलेला मालही याच नावानं विकला जातो, तेव्हा बेस कशाचा आहे ते विचाराच. आणि ही प्लेट भिंतीसाठी, फराळासाठी नव्हे.

राहिला प्रश्न तुमच्या ऑफिसचा. दिवाळी गिफ्ट म्हणून दरवर्षी तोच सुक्या मेव्याचा डबा वाटला जातो ना? एचआरला सांगून बघा. ऑर्डर मात्र उन्हाळ्यात द्यावी लागेल. कंदील काढायला त्यांना आता फोटो लागणार नाही.